म्हाताऱ्या दीर्घिकांचा रेडिओ कोण वाजवतं?

‘मृत दीर्घिकेतून आले गूढ संकेत!’ असा मथळा अधूनमधून फिरतो आणि लगेच परग्रहवासी हजर होतात. संकेत वगैरे काही नाही, पण प्रश्न खरा आहे: नवे तारे जन्मणं जवळपास थांबलंय तिथून रेडिओ लहरी येतात कशा?

आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकांत हा कारभार ताऱ्यांच्या जन्ममरणावर चालतो. जड तारे काही कोटी वर्षांत फुटतात आणि त्या स्फोटाच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचतात.

पुढची गंमत माझ्या खास आवडीची. समजा, दीर्घिकेतलं चुंबकीय क्षेत्र 10 मायक्रोगॉस आहे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे पन्नास हजारावा भाग. त्यात स्वतःच्या विरामऊर्जेच्या (म्हणजे स्थिर असतानाच्या ऊर्जेच्या) 10,000 पट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन गिरक्या घेतो आणि रेडिओ लहरी सोडतो. एका गिरकीला त्याला 6 मिनिटं लागतात. मग लहर सेकंदाला अब्जावधी कंपनांची कशी? इतक्या वेगात प्रारण एका अरुंद शलाकेत एकवटतं, त्यामुळे शलाका आपल्यावरून गिरकीच्या जेमतेम दहाहजाराव्या भागात सरकते. शिवाय इलेक्ट्रॉन स्वतःच सोडलेल्या लहरीच्या मागे धावतो, म्हणून ती चमक आणखी सुमारे 10 कोटी पट आखूड होते. दोन्हींचा गुणाकार 1 लाख कोटी! त्याला 6 मिनिटांच्या सेकंदांनी भागा, उत्तर येतं सुमारे 3 अब्ज कंपनं. हेच सिंक्रोट्रॉन प्रारण.

ऊर्जा उधळत हे इलेक्ट्रॉन काही कोटी वर्षांत थकतात, म्हणजे पुरवठा ताजा हवा. म्हाताऱ्या, मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत तो बहुतेकदा मध्यावरचं कृष्णविवर करतं. एम 87 या अशाच दीर्घिकेच्या मध्यातून उसळणारा पदार्थाचा झोत खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिसने 1918 मध्येच टिपला होता, त्याच्या मुळाशी 650 कोटी सूर्यांचं कृष्णविवर आहे. ‘कृष्णविवर सगळं गिळतं’ हे अर्धसत्य. आत गेलेलं परत येत नाही, पण झोत निघतो तो कृष्णविवराच्या सीमेच्या बाहेरून. उपाशी कृष्णविवरं तर यात जास्तच पटाईत: थोडाच वायू पडत असला की तो फारसा उजळत नाही, ऊर्जा झोतातून निघून जाते.

खरी पंचाईत रेडिओत अंधूक दिसणाऱ्या दीर्घिकांची. तिथे श्वेत बटूंचे (मेलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या घट्ट गाभ्यांचे) स्फोटही थोडे इलेक्ट्रॉन पुरवतात, कधी धुळीआड मूठभर तारे जन्मत असतात. म्हणून अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश मोजतात. तारे जन्मतात तिथे अवरक्त आणि रेडिओ यांचं एकमेकांशी प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं असतं. रेडिओ त्याहून बराच जास्त निघाला, तर संशय कृष्णविवरावर.