गोळी कुठे थांबते?

११ एप्रिल १९८६. अमेरिकेत मायामीजवळ बँका लुटणाऱ्या दोघांना एफबीआयच्या आठ जणांनी गाठलं. चकमक पाच मिनिटंही चालली नाही. सुरुवातीलाच एका दरोडेखोराला ९ मिलिमीटरची गोळी लागली. ती उजव्या दंडातून आरपार गेली, छातीत शिरली, फुप्फुस फाडलं आणि हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडे थांबली. जखम जीवघेणीच होती. तरी तो लढत राहिला आणि एफबीआयचे दोन अधिकारी त्यानंतर मारले गेले.

त्या इंचभर अंतरामुळे पिस्तुलाच्या गोळ्यांकडे पाहण्याची नजरच बदलली.

स्वसंरक्षणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो कॅलिबरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा. आपल्याकडे परवाना काढणारे त्याला ‘बोअर’ म्हणतात. ९ मिलिमीटर हा आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअर, त्यामुळे बऱ्याच परवानाधारकांकडे पॉइंट ३२चं, म्हणजे ०.३२ इंच बोअरचं रिव्हॉल्वर असतं. अमेरिकेत मात्र निवडीला मोकळं रान आहे आणि वादालाही. गोळी जितकी जाड तितका माणूस लवकर कोसळतो, ही समजूत तिथे फार जुनी.

हिशेब करून पाहू. ९ मिलिमीटरची साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने जाते. तिचा सगळा संवेग ७० किलोच्या माणसात उतरला, तरी तो सेकंदाला चारेक सेंटिमीटरच सरकेल. जाडजूड पॉइंट ४५ घेतली तर पाचेक. गोळी लागून माणूस मागे उडतो ते फक्त पडद्यावर. तेवढाच धक्का, किंबहुना थोडा जास्तच, गोळी झाडणाऱ्याच्या मनगटाला बसतो.

मग माणूस थांबतो कशाने? मेंदूला किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला इजा झाली तर तत्काळ. नाहीतर रक्तस्रावाने, आणि त्याला वेळ लागतो. हृदय निकामी झालं तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा-पंधरा सेकंद हालचाल करू शकतो. तेवढ्या वेळात बरंच काही घडतं. म्हणून गोळी किती जाड यापेक्षा ती कुठे लागली आणि किती आत गेली, हे जास्त महत्त्वाचं.

हे मोजायला जिलेटिनचा ठोकळा वापरतात. एक भाग जिलेटिन, नऊ भाग पाणी, ४ अंश सेल्सिअसला गार केलेला. आधी त्यावर छोटा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने मारायचा. तो साधारण साडेआठ सेंटिमीटर आत गेला तरच ठोकळा वापरण्याजोगा. मग खरी चाचणी: ठोकळ्यापुढे कधी जाड कापड, कधी प्लायवूड, कधी गाडीची काच. एफबीआयची अपेक्षा अशी की गोळी १२ ते १८ इंच आत जावी. एवढी खोल कशाला? कारण मायामीतल्यासारखा मध्ये दंड येऊ शकतो.

आणि १८ इंचांच्या पुढे नको, कारण आरपार गेलेली गोळी मागे उभ्या असलेल्या निष्पाप माणसाला लागेल. इथे पोकळ टोकाची गोळी कामाला येते. आत शिरताच तिच्या टोकात ओला ऊतक दाबला जातो, तांब्याचं आवरण पाकळ्यांसारखं मागे वळतं, शिसं भूछत्रासारखं फुलतं आणि वेग मरतो. फुलणाऱ्या गोळीची एक पूर्वज आपल्या कोलकात्याजवळच्या दमदमची. १८९९च्या हेग घोषणेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरल्या, पण पोलिसांना किंवा नागरिकांना ती घोषणा लागू होत नाही.

मायामीनंतर एफबीआयने आधी १० मिलिमीटरची जोरकस गोळी घेतली. तिचा झटका बऱ्याच जणांना आवरेना. मग तिचा जोर उतरवला आणि त्यातूनच १९९०मध्ये पॉइंट ४० जन्माला आली. २०१४मध्ये त्यांच्या प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिलिमीटरचीच शिफारस केली. दरम्यान गोळीची घडण इतकी सुधारली होती की ठोकळ्यात ९ मिलिमीटर, पॉइंट ४० आणि पॉइंट ४५ या तिन्हींच्या खोलीत फारसा फरक उरला नव्हता. मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलात गोळ्या भरायच्या पेटीत, ९ मिलिमीटरच्या गोळ्या जास्त मावतात. झटका कमी असल्याने बहुतेकांचा नेमही तिच्यानेच लवकर आणि अचूक लागत होता.