गड उतरताना पाय का धरतात?

देवगिरीचा किल्ला चढून बारादरीत टेकलेल्या माणसाला धाप लागलेली असते, कानामागून घाम ओघळत असतो आणि आता फक्त उतरायचेच आहे, या विचाराने त्याला हायसे वाटते. उतरण खरोखरच सोपी जाते. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच माणसाला उकिडवे बसवत नाही आणि एस.टी.च्या दोन पायऱ्या उतरण्यासाठी दांडीला लोंबकळावे लागते. पाय धरले, असे आपण म्हणतो आणि सगळा दोष चढणीवर टाकतो. प्रत्यक्षात मांड्या ठणकण्यामागे बहुतांशी उतरण असते.

एक पायरी उतरण्याची क्रिया सावकाश करून पाहावी. खालचा पाय अजून हवेत असतो, वरच्या पायाचा गुडघा वाकत जातो आणि शरीराचे सगळे वजन त्या एका मांडीच्या पुढच्या स्नायूवर येते. स्नायू सैल सोडला तर माणूस कोसळेल, म्हणून तो आवळलेलाच राहतो. पण गुडघा वाकत असल्यामुळे आवळलेल्या अवस्थेतच तो लांबत जातो. विहिरीत पाण्याची मोटर दोराने खाली सोडताना आपण दोर घट्ट धरून हळूहळू पुढे सरकवतो, तसेच हे काम आहे. देवगिरीची टेकडी साधारण २०० मीटर उंच धरली, तर ६० किलो वजनाच्या माणसाला तेवढे खाली येताना सुमारे १ लाख १८ हजार ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, आणि तिचा मोठा वाटा पायांचे स्नायूच झेलतात.

या ब्रेक लावण्याच्या कामात एक खोच आहे. तेवढाच भार उचलण्यापेक्षा तो सावकाश खाली सोडायला कमी स्नायूतंतू पुरतात, त्यामुळे श्वास कमी लागतो. पण कामाला लागलेल्या प्रत्येक तंतूवरचा ताण वाढतो. पहिली बाजू १९५२ साली लंडनमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी एका मजेदार प्रयोगातून दाखवली. त्यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पॅडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने ते उलटे फिरताना रोखून धरायचे. दोघांचे बळ सारखेच लागत होते, तरी रोखणाऱ्याला ऑक्सिजन बराच कमी लागला. गड उतरताना आपण गप्पा मारू शकतो, ते याचमुळे.

दुसरी बाजू सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. प्रत्येक तंतूत दोन-अडीच मायक्रोमीटर लांबीचे हजारो कप्पे मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. आवळलेला तंतू ताणला गेला की सगळे कप्पे सारखे लांबत नाहीत. त्यांतले दुबळे एकदम जास्त ताणले जातात आणि कप्प्यांमधल्या सीमारेषा विस्कटतात. स्नायूच्या आतच काही फाटत असावे, असा कयास थिओडोर हॉ यांनी १९०२ मध्येच मांडला होता. पुढे १९८१ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी वारंवार जिना उतरलेल्या माणसांच्या पोटरीचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा या विस्कटलेल्या रेषा दिसल्या.

दुखणे उशिरा येण्याचे कारणही इथेच सापडते. इजा उतरतानाच होते. सूज येणे, दुरुस्तीच्या पेशी जमणे आणि मज्जातंतूंची टोके हळवी होणे यांना मात्र वेळ लागतो, म्हणून ठणका २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असतो. लॅक्टिक आम्ल साचल्याने पाय दुखतात, ही समजूत आता सोडायला हवी, कारण व्यायामात वाढलेले लॅक्टेट तास-दीड तासात पूर्वपदावर येते.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे स्नायूची आठवण. एकदा असे दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तोच गड पुन्हा उतरला तर त्रास बराच कमी होतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी मोजक्याच बैठका देऊन पुढे आकडा वाढवत नेण्याची जुनी रीत याच गुणाचा फायदा घेते. एका दमात पाचशे बैठका मारून दाखवणारा पोरगा धाडसी नव्हे, अडाणी ठरतो. अशा अतिरेकानंतर, विशेषतः मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात, लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायूंचा चुरा मूत्रपिंडावर येत असण्याची शक्यता असते; तेव्हा मालिश करत न बसता तातडीने दवाखाना गाठावा.

साध्या ठणक्याला थोडे चालणे पुरते. त्याने दुखणे तात्पुरते हलके होते.

ज्या उतरणीने पाय धरतात, तीच हळूहळू वाढवत नेली तर औषधासारखी वापरता येते. तैवानमधील २०१७ च्या एका अभ्यासात स्थूल वयस्क महिलांच्या एका गटाने बारा आठवडे फक्त जिने उतरले आणि वर जाण्यासाठी लिफ्ट वापरली. दुसऱ्या गटाने उलट केले. मांडीच्या ताकदीत उतरणाऱ्या गटाचीच सुधारणा अधिक होती. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या पाच मजली इमारतीत राहणाऱ्या आजींना चढताना दम लागत असेल, पण गुडघे ठीक असतील, तर त्यांनी लिफ्टने वर जावे आणि कठडा धरून एक मजला पायी उतरावा. पुढच्या आठवड्यात दोन.