परदेशात शिकवायला जायचंय? आधी कागदांवरचं नाव बघा

खानापूर, निपाणी, येळ्ळूर भागातले तरुण शिक्षक मोबाईलवर 'फुलब्राइट' ही अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ती बघून आमच्याकडे अर्जाचं टायपिंग, भाषांतर करून घ्यायला येतात. एक गोष्ट आधीच सांगतो. परदेशात इंग्रजी शिकवायला पाठवणारं जे फुलब्राइट अनुदान शोधताना पहिलं दिसतं, ते फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. "तो अर्ज भरून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आपल्यासाठी फुलब्राइटच्याच वेगळ्या वाटा आहेत. २१ ते २९ वयाच्या शिक्षकांना नऊ महिने अमेरिकेतल्या कॉलेजात शिकवायला मिळतं, पण तिथे शिकवायची ती भारतीय भाषा. कुठल्या भाषा घेतल्यात ते जाहिरातीत बघा. माध्यमिक शाळेच्या अनुभवी शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा कार्यक्रम आहे, त्यात इंग्रजीचे शिक्षकही बसतात. भारतात हे काम १९५० च्या भारत-अमेरिका करारातून उभी राहिलेली 'यूएसआयईएफ' (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) ही संस्था बघते. अर्जाला फी नाही. आमच्याकडे पैसे पडतात ते टायपिंग, स्कॅनिंग आणि भाषांतराचे.

आपल्या सीमाभागात घोडं अडतं ते नावावर. जन्मदाखला कन्नडमध्ये, दहावीच्या मार्क्स कार्डावर 'संतोष आर. पाटील', कोल्हापूरच्या पदवीवर 'पाटील संतोष रामचंद्र' आणि आधारवर नुसतं 'संतोष रामचंद्र'. माणूस एकच, कागद चार तऱ्हेचे! टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळलं नाही, तर परीक्षा केंद्रावरून परत पाठवतात आणि भरलेली फी जाते. म्हणून पासपोर्ट आधी काढा, त्यावरचंच नाव अर्जात लिहा. बाकीच्या कागदांवरच्या नावातल्या फरकासाठी नोटरीकडून अफिडेव्हिट करून घ्या. गावाच्या नावाची मात्र काळजी नको. १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीच्या इंग्रजी कागदांवर 'बेलगाम' आहे, नंतर 'बेळगावी' झालं, एवढंच.

अर्जातला निबंध आम्ही लिहून देत नाही, कुणी कितीही पैसे देऊ केले तरी. घरी मराठी, कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी हे तुम्ही रोज जगता. फळ्यावरचा इंग्रजी शब्द पोराला कळेना, तेव्हा तुम्ही तो आधी मराठीत, मग शेजारच्या बाकासाठी कन्नडमध्ये कसा सांगितलात, ते लिहा. तो वर्ग तुम्ही पाहिलाय, आम्ही नाही. शुद्धलेखन मनापासून तपासून देऊ.

शिफारसपत्र तुमचे सर थेट ऑनलाइन पाठवतात, त्यांना महिनाभर आधी सांगून ठेवा. आमच्याकडे येताना झेरॉक्स नको, मूळ कागद आणा.