छोट्या रेडिओवरील डीएक्सिंग

डीएक्सिंग म्हणजे दूरच्या प्रक्षेपण केंद्रांचे क्षीण संदेश शोधून, ऐकून, ओळखून त्यांची नोंद ठेवण्याचा छंद. 'डीएक्स' ही तारायंत्राच्या काळातली 'अंतर' या अर्थाची खूण आहे. खिशात मावणाऱ्या रेडिओवर हाच छंद करणारे श्रोते मुद्दाम मर्यादा पत्करतात. मोठा रिसीव्हर आणि लांबलचक एरियल असेल तर यंत्राचा वाटा मोठा असतो. सोनी एसआरएफ-५९ सारखा एका पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओ हातात असेल, तर केंद्र लागते ते वेळ, जागा आणि रेडिओ धरण्याची दिशा जमली म्हणून. या छंदाची ओढ मुख्यतः इथे आहे.

मध्यम लहरी दिवसा दूर जात नाहीत, कारण सुमारे ६० ते ९० किमी उंचीवरचा आयनांबराचा डी थर त्या शोषून घेतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित लहरी हजारो किलोमीटर पोहोचतात. केंद्र आणि श्रोता यांपैकी एकाकडे सूर्य उगवत किंवा मावळत असताना काही मिनिटे संदेश एकाएकी चढतो. अनुभवी श्रोते या वेळेला रेडिओ सोडून उठत नाहीत.

छोट्या रेडिओच्या आत फेराइटची कांडी असते. मध्यम लहरीसाठी तीच एरियल. कांडी केंद्राच्या दिशेशी काटकोनात असली की आवाज सर्वांत मोठा येतो, टोक केंद्राकडे केले की जवळजवळ नाहीसा होतो. दुसरी स्थिती जास्त उपयोगाची आहे. जवळचे जोरकस केंद्र असे 'मारले' की त्याच फ्रिक्वेन्सीवर खाली दबलेले दुसरे केंद्र वर येते. त्यासाठी रेडिओ अंश-दोन अंशांनीच फिरवावा, कारण हा खड्डा फार अरुंद असतो. रात्री आकाशमार्गे येणारे केंद्र मात्र असे पूर्ण मरत नाही.

अमेरिका खंडांत मध्यम लहरीची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, इतरत्र बहुतेक ठिकाणी ९ च्या. त्यामुळे ११३४ वरच्या केंद्रामागे बारीक, ४ किलोहर्ट्झची (दोन फ्रिक्वेन्सींमधल्या फरकाची) शिट्टी ऐकू आली, तर ११३० वर काहीतरी आहे हे कळते. टेकसन पीएल-३८० सारख्या डीएसपी (चिपवर अंकीय पद्धतीने संदेश गाळणाऱ्या) रेडिओत बँडविड्थ, म्हणजे एका वेळी आत घेतल्या जाणाऱ्या फ्रिक्वेन्सींची रुंदी, १ किलोहर्ट्झवर आणून काटा ११२९ वर ठेवला, की शिट्टी मागे पडून बोलणे पुढे येण्याची शक्यता वाढते.

पकड वाढवायची तर ६० सेंमी बाजूच्या लाकडी चौकटीवर ५ मिमी अंतराने तारेचे १३ वेढे घालून टोकांना ३६५ पिकोफॅरडचा व्हेरिएबल कपॅसिटर जोडावा. मध्यम लहरीच्या पट्ट्याचे वरचे टोक गाठले नाही तर एक वेढा कमी करावा. रेडिओला तार जोडायची नाही. रेडिओतली कांडी या लूपच्या, म्हणजे तारेच्या चौकटीच्या, पृष्ठभागाला काटकोनात धरून जवळ ठेवायची आणि कपॅसिटर फिरवून आवाज उसळतो ती जागा शोधायची. रेडिओ अगदी खेटून ठेवला तर ट्यूनिंग सरकते.

लघुलहरीवर टेलिस्कोपिक एरियलला तीन ते पाच मीटर तार चिमट्याने लावणे पुरते. त्याहून लांब तारेने साधा रेडिओ ओव्हरलोड होतो आणि नसलेली केंद्रे दिसू लागतात. ४५५ किलोहर्ट्झ आयएफच्या (आलेला संदेश आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणला जातो तिच्या) रेडिओत ११८०० चे जोरकस केंद्र ९१० किलोहर्ट्झ खाली, १०८९० वरही लागते. अशा प्रतिमेला नवे केंद्र समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

सर्वांत मोठा अडथळा घरातच असतो: मोबाइल चार्जर, एलईडी दिवे, टीव्ही. रेडिओ सेलवरच चालवावा. रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर लावून तो घरभर फिरवला, की खरखर जिथे वाढते तिथे दोषी सापडतो. तो बंद करता येत नसेल तर मोकळ्या मैदानात जाणे उत्तम, आणि छोट्या रेडिओला ते सहज शक्य असते.

२०१५ च्या अखेरीस जर्मनी आणि फ्रान्सच्या सार्वजनिक प्रसारकांनी मध्यम लहर सोडली. ऐकण्याजोगे त्यामुळे कमी झाले हे खरे. पण मोकळ्या झालेल्या फ्रिक्वेन्सींवर पूर्वी दबून गेलेली कमी शक्तीची केंद्रे ऐकू येण्याची संधीही मिळाली.

नोंदीत तारीख, यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, फ्रिक्वेन्सी आणि सिन्पो हा संदेशाच्या दर्जाचा पाच अंकी गुणांक लिहितात. केंद्राकडून क्यूएसएल कार्ड, म्हणजे ते ऐकल्याची पोच, हवे असेल तर एवढे पुरत नाही. निवेदकाने काय सांगितले, कोणती धून वाजली, नाव किती वाजता घेतले, असा तपशील मिनिटांसह कळवावा. नुसते 'संगीत ऐकले' लिहिल्यास तेच केंद्र ऐकल्याचे सिद्ध होत नाही. तासाच्या ठोक्याच्या आगेमागे बहुतेक केंद्रे आपले नाव सांगतात, म्हणून ती मिनिटे रेकॉर्ड करून ठेवावीत.