मेंदूला सूज, पण जंतू कुठे?

बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं क्नूट हे लाडकं ध्रुवीय अस्वल मार्च २०११मध्ये बघ्यांच्या डोळ्यांदेखत फिट येऊन पाण्यात पडलं आणि बुडून मेलं. मेंदूला सूज होती. सूज म्हटली की जंतू, म्हणून विषाणूंची कसून झडती झाली, पण गुन्हेगार सापडेना. २०१५मध्ये उलगडा झाला. क्नूटच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात त्याच्याच शरीराने बनवलेली, त्याच्याच मेंदूवर उलटलेली प्रतिपिंडं होती.

माणसांतला हा आजार, म्हणजे अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये ओळखला होता. प्रतिपिंडांचा रोख चेतापेशींवरच्या एनएमडीए ग्राहींवर असतो. हा ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणातलं दार, आणि दार मोठं हुशार. नुसतं ग्लूटामेट, म्हणजे शेजारच्या पेशीचा निरोप आणणारं रसायन, येऊन चिकटलं तरी ते मोकळं होत नाही, कारण भोकात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. पेशी त्याच वेळी उत्तेजित असली तरच बूच उडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. दोन गोष्टी एकदम घडल्याची नोंद हे दार घेतं. आपलं शिकणं, लक्षात ठेवणं बरंचसं त्यावर चालतं.

गंमत अशी की प्रतिपिंड हे दार फोडत नाही. प्रतिपिंडाला दोन हात. एका हाताने ते एक ग्राही धरतं, दुसऱ्याने शेजारचा. अशी जखडलेली जोडी पेशी स्वतःच आत ओढून घेते. जीएलयूएन१ हा घटक असलेले ग्राही असे पृष्ठभागावरून घटत जातात, चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा, लुळी पडते, पेशी मात्र जिवंत राहते. प्रतिपिंडं हटवली की दारं परत येतात.

केटामाइन हे भुलीचं औषध हेच ग्राही अडवतं आणि त्यानेही भास होतात. म्हणून आजाराची सुरुवात वेडासारखी दिसते. कालपर्यंत धडधाकट असलेल्या तरुणीची झोप उडते, ती घरच्यांवर संशय घेते, नसलेले आवाज ऐकते. मग बोलणं तुटतं, तोंड चघळल्यासारखं हलत राहतं, फिट येतात. इथेच ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात आणि मोलाचे दिवस वाया जातात.

एमआरआय पुष्कळदा नॉर्मल येतो, त्यावर निर्धास्त होऊ नये. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून त्यात प्रतिपिंडं शोधावी लागतात. नुसत्या रक्तात ती कधी कधी निसटतात. तरुण स्त्रियांत अंडाशयाची सोनोग्राफीही हवी. तिथल्या टेराटोमा नावाच्या गाठीत चेतापेशी असू शकतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावरूनच चवताळते. गाठ काढणं हाही उपचारच.

बाकी स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं. तेवढ्याने भागलं नाही तर रिटुक्सिमॅब हे प्रतिकारपेशी कमी करणारं औषध. २०१३मध्ये छापलेल्या ५७७ रुग्णांच्या पाहणीत दोन वर्षांनी सुमारे ८१ टक्के रुग्ण चांगले सावरले होते. सावरायला महिने लागतात. आणि आजाराच्या दिवसांतलं त्यांना बहुधा काहीच आठवत नाही.