आयर्विन पुलावरचा आकडा आणि सीलच्या डोक्यावरचं यंत्र

कृष्णा चढू लागली की सांगलीत चहाच्या टपरीपासून मार्केट यार्डापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, "आयर्विनला किती फूट झालं?" 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा नुसत्या आकड्यानं पोटात गोळा आला. वर्षानुवर्षांच्या नोंदी पाठीशी आहेत म्हणूनच त्या आकड्याला इतका अर्थ.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राला अशी मोजपट्टी लावणं फार अवघड, आणि गरज मात्र मोठी. माणसानं हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतात. त्यातला सुमारे 40 टक्के भार हा एकटा दक्षिणी महासागर उचलतो. त्यानं हात आखडला, तर हवा आणखी तापेल. आणि हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. ते बाष्प कोयनेच्या पाणलोटात कोसळलं, तर काय होतं हे सांगलीकराला कुणी शिकवायला नको.

गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र 2004 पासून तिकडे सागरी मोहिमा काढतं. पण जहाजं जातात ती बहुतेक तिथल्या उन्हाळ्यात. खरी उलाढाल होते हिवाळ्यात. समुद्राचं पाणी उणे 1.8 अंशांच्या आसपास गोठतं, आणि गोठताना बहुतेक मीठ बाहेर टाकतं. खालचं पाणी त्यामुळे जास्त खारं, जड होऊन तळाशी उतरतं आणि तळातूनच उत्तरेकडे सरकत जगभरच्या महासागरांत पसरतं.

बर्फाखालचं हे मोजायचं कुणी? शास्त्रज्ञांनी हत्ती-सील या समुद्री सस्तन प्राण्याची मदत घेतली, आणि मला ही कल्पना विलक्षण सुंदर वाटते. सीलच्या डोक्यावरच्या केसांना छोटं यंत्र चिकटवतात. तो भक्ष्यासाठी शेकडो मीटर खोल बुडी मारतो, यंत्र तापमान आणि खारेपणा टिपतं. तो श्वास घ्यायला वर आला की नोंदी उपग्रहाकडे जातात. पूर्व अंटार्क्टिकात केप डार्न्लीजवळ तळाचं जड पाणी तयार होतं, हे 2013 मध्ये उघड झालं ते समुद्रात नांगरलेली उपकरणं आणि हे सील यांच्या नोंदींतूनच. आपलं 'भारती' हे संशोधन केंद्रही त्याच किनाऱ्यावर, थोडं पूर्वेला आहे.

वर्षातून एकदा सील कात टाकतो, यंत्रही गळून पडतं. मग पुढच्या हिवाळ्यासाठी दुसरा सील, दुसरं यंत्र.