पार्श्वभूमी : खानदेशात 'शेजारी' कुणाला म्हणायचं

'तू आपल्यासारखी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर' ही आज्ञा खानदेशातल्या ख्रिस्ती घरांत लहानपणीच पाठ होते. उपदेश बहुतेक वेळा 'प्रीती' या शब्दावर होतात. व्यवहारात अडतं ते 'शेजारी' या शब्दापाशी, आणि ते आजकाल अडायला लागलंय असंही नाही.

'प्रीती'चा गुंता आधी उरकून घेऊ. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये 'प्रीती'च्या जागी असलेल्या 'अगापे'ला नेमका प्रतिशब्द कुठल्याच भाषेला सापडलेला नाही. १५२६ च्या इंग्रजी नव्या करारात 'लव्ह' आलं तेव्हा धर्मसत्तेच्या बाजूच्या विद्वानांनी आक्षेप घेतला. १६११ च्या भाषांतराने पहिल्या करिंथकरांच्या तेराव्या अध्यायात 'चॅरिटी' घातलं आणि १८८१ च्या सुधारित आवृत्तीत तिथे पुन्हा 'लव्ह' आलं. मराठीत उपासनेला वाचतात त्या भाषांतरात 'प्रीती' आहे. अलीकडच्या सोप्या भाषांतरांत बऱ्याच ठिकाणी 'प्रेम' आलं. बोलताना मात्र दोन्ही शब्द जिभेवर येत नाहीत. प्रीती नाट्यगीतात असते. 'प्रेम' म्हटलं की एक तर कॉलेज आठवतं, नाही तर अमळनेरला शिकवून गेलेल्या साने गुरुजींची शाळेतली प्रार्थना. घरात म्हणतात जीव लावणं, माया लावणं. म्हणजे शब्द पुस्तकी राहिला तरी अर्थ कळायला कुणाला अडचण आली नाही. कुणाला जीव लावायचा, हे मात्र कधीच मिटलं नाही.

बायबलच्या मूळ मजकुरातच दोन सूर आहेत. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातलं अठरावं वचन आधी 'आपल्या लोकांचा' सूड घेऊ नको म्हणतं आणि मग शेजाऱ्याकडे येतं, म्हणजे तिथे शेजारी हा आपल्यातलाच. त्याच अध्यायात पुढे, चौतिसाव्या वचनात, देशात राहणाऱ्या परक्यावरही तशीच प्रीती करायला सांगितलं आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातला शास्त्री नेमकं हेच विचारतो : माझा शेजारी कोण? येशूच्या उत्तरात व्याख्या नाही, वाटेत लुटलेल्या जखमी माणसासाठी एका परक्या वाटसरूने केलेल्या कामांची यादी आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस, पट्टी, स्वतःच्या जनावरावर बसवणं, उतारशाळेत रात्रभर देखभाल, सकाळी दोन दीनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि वर लागलं तर परतताना देईन हा शब्द. प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिताना पुन्हा दोन पायऱ्या केल्या : सर्वांचं बरं करा, विशेषतः विश्वासाच्या घराण्यातल्यांचं. या 'विशेषतः'वर खानदेशातल्या मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या, वडीलजनांनी जितक्या रात्री घालवल्या असतील, तितक्या दुसऱ्या कुठल्या शब्दावर क्वचितच.

पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधली वाटपाची भांडणं सगळ्यांना माहीत आहेत. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात मागे राहिल्या म्हणून सात जण नेमावे लागले. करिंथात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, एक उपाशी आणि दुसरा झिंगलेला अशी अवस्था होती. साधारण इ. स. १५५ च्या एका ग्रीक लेखात रविवारची वर्गणी कुणासाठी, हे नोंदलेलं आहे : अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान, परगावचे पाहुणे. तेव्हाच्या वर्गणीच्या पेटीला दोन्ही दारं होती, आपल्यांसाठीही आणि परक्यांसाठीही, एवढं त्यातून घ्यायचं.

खानदेशात 'शेजारी' या शब्दाला जमीनच वेगवेगळी मिळाली. तापीकाठच्या जुन्या गावांत धाब्याची घरं एकमेकांना चिकटून असतात. भिंत सामाईक, धाबं धाब्याला लागलेलं, एकाच्या पन्हाळीचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात. तिथे शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचा, आणि तो आपल्या जातीचा किंवा धर्माचा असेलच असं नाही. वर सातपुड्यात, अक्राणीकडे, चित्र उलटं : प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, उतारावर, घरापासून घर हाकेच्या अंतरावर. तिथला शेजार बहुतेक भाऊबंदांचाच. एकाच वचनातून एका ठिकाणी परक्याशी वागणं शिकायचं आणि दुसऱ्या ठिकाणी चुलतभावाशी. दुसरं सोपं आहे असं समजणाऱ्याने बांधाचं भांडण पाहिलेलं नसतं.

यात मिशनचा काळ आला. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००, पश्चिम भारतात अनाथालयांचा काळ ठरला. भाकरीसाठी ख्रिस्ती झाले हा टोमणाही तेव्हापासून चिकटला. सुरत–भुसावळ रेल्वे याच सुमारास झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडन-अमेरिकेकडचे मिशनरी पश्चिम खानदेशात उतरले, नवापूर भागात ठाणी झाली, आणि चाळीसच्या दशकात चिंचपाड्याला दवाखाना उभा राहिला. दवाखान्याने 'शेजारी'चा प्रश्न काही काळ परस्पर सोडवला : साप चावलेल्याचा धर्म कुणी विचारत नाही. पण त्यामुळे एक सवयही लागली. शेजारधर्म म्हणजे संस्थेचं काम, आपण फक्त रस्ता दाखवायचा. परदेशी मिशनरी कमी होत गेले आणि पेटी स्थानिक मंडळीच्या हातात आली, तेव्हा पहिला ठराव बहुतेक ठिकाणी एकच होता : आधी आपली माणसं. त्याला दोष देणं सोपं आहे. पेटीतच काही नव्हतं, हेही खरं आहे.

पुढे प्रश्नाला वेगळीच धार आली. १९९८ च्या नाताळात नवापूरला लागून असलेल्या डांगमध्ये प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले. २००३ मध्ये गुजरातने धर्मांतराचा कायदा केला, त्यात बळजबरी आणि फसवणुकीबरोबर आमिषही आलं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. सोयरीक तर त्याहून जास्त मिसळलेली. तेव्हा स्टेशनाच्या या टोकाला पाच किलो तांदूळ शेजारधर्म होता, तर त्या टोकाला तोच आमिषाचा पुरावा होऊ शकत होता. 'आपल्यांनाच द्या' म्हणणाऱ्यांना इथे आयतं कारण मिळालं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की मदतीला प्रार्थना जोडली नाही, पत्रक दिलं नाही, फोटो काढला नाही, तर आमिष राहतंच कुठे? हे म्हणणं वचनाच्या जास्त जवळ आहे. फक्त त्यासाठी मोजमापाची शिस्त लागते, आणि ती शिस्त मुठीच्या डब्यात दिसते.

रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं, ही रीत मिझोरमच्या मंडळ्यांत १९१० पासून चालू आहे. भारतात इतरत्रही ती ठिकठिकाणी आढळते. हिशोब सोपा. बाईच्या मुठीत ४० ते ५० ग्रॅम तांदूळ बसतो. दोन वेळच्या दोन मुठी धरल्या तर महिन्याला अडीच ते तीन किलो. तीस घरं असली तर ७५ ते ९० किलो, म्हणजे क्विंटलभरापेक्षा थोडं कमी. बिघडतं ते पुढे. तांदूळ, ज्वारी, बाजरी एकाच डब्यात पडली की ते धान्य ना शिजवता येतं ना विकता येतं, म्हणून प्रत्येक धान्याचा डबा वेगळा. पावसाळ्यात सोंडे लागतात. डबा कोरडा, तळाशी वाळलेला कडुनिंबाचा पाला, आणि महिन्यातून एकदा उन्हात पसरणं. सगळ्यात नेहमीची खोट म्हणजे शनिवारी रात्री पोत्यातून एकदम डबाभर काढणं. वजन तेवढंच भरतं, पण रोज चुलीपुढे दुसऱ्याचं पोट आठवायचं, ते राहून जातं. रविवारी वजन दोघांसमोर करायचं, दोघं वेगवेगळ्या भावकीतले, आणि आकडा वहीत तिथेच लिहायचा. घेणाऱ्याचं नाव मात्र मोठ्याने वाचायचं नाही. नाव वाचलं की पुढच्या वेळी तो माणूस घेत नाही, किंवा उपासनेलाच येत नाही.

रेशनने या डब्याचा अर्थ बदलला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळू लागलं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आता मुठीत येतो तो बऱ्याचदा रेशनचाच तांदूळ. तो गरजूला देता येतो. कापणीच्या सणाला भोपळे, कणसं, कोंबड्यांबरोबर लिलावात काढता येत नाही, कारण रेशनचं धान्य विकता येत नाही. हा भेद वहीत नसेल तर मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, अडचणीत येतो. शिवाय आजची गरज धान्याची कमी आणि गाडीभाड्याची जास्त आहे : सिव्हिलला जायचं, सोनोग्राफी बाहेरून करायची. म्हणून काही डब्यांत आता नाणी पडतात. नाव 'मूठ'च राहिलं.

पैशाने जे होत नाही ते भेटीने करावं लागतं. दिवाळीनंतर नंदुरबार-नवापूर पट्ट्यातली जोडपी मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परततात. मागे म्हातारी माणसं उरतात. त्या महिन्यांत शेजारी म्हणजे ज्याच्याकडे किल्ली ठेवली तो. भेटीचा दिवस ठरलेला हवा, रविवार सोडून. दोघांनीच जायचं. पाहायचं ते ठरावीक : माठात पाणी आहे का, बीपीच्या गोळ्या किती उरल्यात, सरपण आत घेतलंय का, रेशनचा अंगठा लागला का. कष्टाने रेषा झिजलेल्या बोटाचा अंगठा मशीन घेत नाही. दुसरं बोट लावून पाहायचं, नाहीच जमलं तर दुकानदाराशी बोलायला सोबत जायचं. प्रार्थना शेवटी, दोन मिनिटांची. चुकतं कसं? आठ-दहा जण गाणी म्हणत येतात, अंगणात चटया पडतात आणि शेजारचं पोरगं उधारीच्या दुधाला दुकानात पळतं. भेट झाली असं वहीत लिहिलं जातं. म्हातारीच्या गोळ्या दोन दिवसांपूर्वीच संपलेल्या असतात.

शेजाराची सगळ्यात कडक परीक्षा डोंगरात होते, जेव्हा एखाद्या बाईला डाकीण ठरवतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तक्रारीला मदत करतो, पण तिच्या अंगणात कुणी पाऊल टाकत नाही त्यावर कायद्याकडे औषध नाही. तिथे पहिलं काम म्हणजे तिच्या माठातलं पाणी पिणं, तेही दिवसाढवळ्या आणि लोक पाहतील असं. दुसरं, तिच्या घरी भाकरी खाणं. घाबरलेला माणूस रात्री गुपचूप धान्य ठेवून येतो. त्याने तिचं पोट भरतं, वाळीत पडणं तसंच राहतं. आणि एक अवघड गोष्ट इथेच सांगायला हवी : 'तिच्यातून भूत काढू' म्हणत प्रार्थनेला जाणारे आरोपाला दुजोराच देत असतात. त्यापेक्षा ज्याच्या घरी पोर आजारी पडलं त्याला दवाखान्यात नेणं उपयोगाचं. बहुतेक वेळा आरोप त्या आजारातूनच उगवलेला असतो.

रोजचा शेजार मात्र इतका भयंकर नसतो. तो पन्हाळीचा असतो. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, धाब्यांवर खारी माती पडते, उतार बदलतो आणि मृगाच्या पहिल्या पावसात पाणी भलत्याच अंगणात जातं. अशा तंट्यासाठी मत्तयच्या अठराव्या अध्यायातल्या तीन पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत : आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. पहिली पायरी गाळली जाते. थेट बुधवारच्या घरसभेत प्रार्थनाविनंती येते, 'अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, फार रागीट झालेत', आणि गुरुवारी ती अमक्यांच्या कानावर असते. मग प्रभुभोजनाच्या रविवारी दोघांपैकी एक जण मागच्या बाकावरून उठून जातो. समेटापेक्षा महिनोन्‌महिने प्रभुभोजन न घेणं माणसाला सोपं वाटतं.

पण या पायऱ्या 'भावा'साठी आहेत. भिंतीपलीकडचा मंडळीचा नसेल तर तिसरी पायरी उरतच नाही. काही जण त्यावरून दोन पायऱ्याही टाळतात आणि सरळ पोलीस पाटलाकडे जातात. ते घाईचं आहे. पहिल्या दोन पायऱ्या कुणालाही लागू पडतात : पाऊस लागायच्या आधी, सकाळच्या वेळी, घरातले पुरुष शुद्धीवर असताना, एकट्याने, नंतर दोघांना पटेल असा एखादा म्हातारा घेऊन. तरी नाही मिटलं तर २००७ पासून गावोगाव तंटामुक्ती समिती आहे, तिच्यापुढे बसायचं, आणि तिथे आपल्या बाजूने दहा जण न्यायचे नाहीत. बरेचदा तिथवर जावंही लागत नाही. पन्हाळीला दहा फुटी पीव्हीसी पाइप जोडून तोंड गल्लीकडे वळवलं की पाणी थांबतं. पाइप कुणी आणायचा, यावर मात्र पुन्हा बसावं लागतं.